मागच्या दारची शिकवणी

खडकेवाडीच्या मराठी शाळेत पहिलीचा वर्ग भरला की तो साऱ्या शाळेला ऐकू यायचा. "पोट काढा, काठी मारा, डोक्यावर छप्पर घाला," असं माधवीबाई म्हणायच्या, आणि त्यांच्यामागं सगळी पोरं एका सुरात तेच म्हणायची. पोट, काठी आणि छप्पर मिळून पाटीवर 'व' उभा राहायचा. निपाणीहून बोरगावकडं जाताना आत वळलं की हे गाव. इथल्या पोरांना मराठीबरोबर कानडीचीही अक्षरं गिरवावी लागतात. कानडी अक्षराला वरची रेघ नसते, त्यामुळं पोरं मराठीचं छप्पर घालायला हमखास विसरायची. माधवीबाई मग पाटीवर टिचकी मारून विचारायच्या, "पाऊस आला तर हा 'व' भिजंल का न्हाई?" पोरं हसायची आणि घाईघाईनं रेघ ओढायची.

अकरा वर्षं त्या पहिलीलाच शिकवत होत्या. पोराच्या मागं मांडी घालून बसायचं, त्याचा मुठीत आवळलेला हात सोडवायचा, पेन्सिल चिमटीत द्यायची आणि वरून आपला तळवा ठेवायचा. "हात सैल सोड," एवढं म्हणायचं. काही हात काठीसारखे ताठ असतात, काही मळलेल्या कणकेसारखे. फळ्यावर लिहून अक्षर दाखवता येतं, पण अक्षर कुठं सुरू करायचं, पेन्सिल किती दाबायची, वळण कुठं घ्यायचं हे हाताकडूनच हाताला कळतं, अशी त्यांची समजूत होती आणि ती अनुभवानं झाली होती.

जानेवारीत, उसाच्या गळिताच्या दिवसांत, त्यांचे यजमान अमृत ड्युटी संपवून संकेश्वरकडून येत होते. हायवेवर त्यांची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. माणूस जागीच गेला. दहाव्या दिवशी बायकांनी माधवीच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. पुढं होऊन करवून घेणारी होती तिची सासू अंबूबाई. "मलाबी केलं, तुलाबी करायचं," एवढंच म्हातारी म्हणाली होती. ती स्वतः अठ्ठाविसाव्या वर्षी त्याच वाटेनं गेली होती. माधवीनं हात पुढं केले. बोलायला अंगात जीव लागतो, तो त्या दिवसांत नव्हता.

रजा संपली तशी ती शाळेत जाऊ लागली. घरात दोन बायका, एक चूल, आणि दोघींत मिळून दिवसाला चार वाक्यं. शाळेत निदान पोरांचे हात तरी होते.

जून आला. शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात हेडसर आण्णाप्पांनी तिला ऑफिसात बोलावलं. माणूस वाईट नव्हता. पाच वर्षांत पट निम्म्यावर आला होता, गावातली पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्लिश मीडियमला जात होती, आणि शाळा बंद पडायच्या भीतीनं हेडसरांची झोप उडाली होती.

"बसा बाई," ते म्हणाले आणि टेबलावरचा पेपरवेट उगीचच इकडचा तिकडं केला. "अक्षरारंभाचं बोलायचं होतं."

हा कार्यक्रम माधवीचाच. पहिलीला आलेल्या पोरांना ओळीनं बसवायचं, समोर ताटात तांदूळ पसरायचे आणि पोराचा हात धरून त्यावर पहिलं अक्षर काढायचं. आया नटूनथटून येत, फोटो काढत. तिनं सुरू केलेलं हे काम आता शाळेची जाहिरात झालं होतं.

"यंदा हात अध्यक्षांच्या मिसेसनी धरावा, असं कमिटीत ठरलंय," हेडसर म्हणाले. "तुम्ही बाकीची तयारी बघा."

"का सर?"

तिला कारण ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. हेडसरांनी खिडकीबाहेर बघितलं. "माझं सोडा, मी तसलं काय मानत न्हाई. पण लोक म्हणायल्यात, पोराच्या जन्मातलं पहिलं अक्षर, शुभकार्य. तुम्ही शिकल्यासवरलेल्या, समजून घ्या. एवढ्यावरनं चार पोरं कमी झाली तर मी काय करू?"

माधवीनं समजून घेतलं. समजून घेणं हे भांडण्यापेक्षा कमी श्रमाचं काम असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिनं ताटं घासली, तांदूळ निवडून पसरले, हळदीची वाटी भरली, रांगोळी काढली. आया यायला लागल्या. त्यांत नागुबाई होती, नात आरोहीला घेऊन. गावातल्या बारशा-डोहाळजेवणांत हिच्याशिवाय पान हलायचं नाही. ती माधवीजवळ आली आणि गोड आवाजात म्हणाली, "बाई, तुमी जरा आत थांबता? ओवाळणी व्हईस्तोर."

माधवी आत गेली. आत म्हणजे पोरांच्या जेवणाचं धान्य ठेवतात त्या खोलीत. दोन पोत्यांच्या मधल्या जागेत ती डाळीच्या डब्यावर बसली. भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. अध्यक्षांची बायको मंगल मोठ्यानं "अ, अ म्हण, अ" म्हणत होती. कुठलं तरी पोर रडायला लागलं. त्याचा हात आवळला असणार, हे माधवीला भिंतीआडूनही कळलं. "सैल सोड, सैल," ती स्वतःशीच पुटपुटली आणि आपण पोत्यांशी बोलतोय हे ध्यानात येऊन गप्प झाली.

एवढ्यावर भागलं असतं तर तिनं तेही गिळलं असतं. पण आठवड्यानं काही आया हेडसरांकडं गेल्या. बाई हात धरून शिकवतात, रोजच धरतात, ते बरं दिसत नाही. त्यांना चौथी-पाचवी द्यावी, मोठ्या पोरांना हात धरायला लागत नाही. हेडसरांनी वेळापत्रक बदललं. पहिली विनोद सरांकडं गेली. विनोद सर तरुण, स्वभावानं मवाळ, पण शाळेची सगळी ऑनलाइन माहिती भरायचं काम त्यांच्याच गळ्यात. ते फळ्यावर अक्षर काढायचे, "बघून लिहा" म्हणायचे आणि मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

माधवी चौथीला शुद्धलेखन शिकवू लागली. पोरं 'पाणी'चं 'पानी' लिहायची, 'मी गावाला गेल्तो' लिहायची. "घरात गेल्तोच म्हणायचं," ती सांगायची, "वहीत मात्र गेलो होतो." शिकवणं वाईट चाललं नव्हतं. पण पाणी प्यायला जाताना पहिलीच्या दारावरून जावं लागे. श्रावण सरला, गणपती झाले, तरी आतून एका सुरातला आवाज काही येत नव्हता. पोरं पाटीवर वाकून मुठीत धरलेल्या पेन्सिलीनं रेघा कोरत होती. कुणी 'व'ची काठी आधी मारून पोट उलट्या बाजूला काढत होतं. छप्पर तर कुणाच्याच डोक्यावर नव्हतं.

दसऱ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी मागच्या दारावर टकटक झाली. मागचं दार म्हणजे न्हाणीजवळचं, बोळात उघडणारं. सुवर्णा उभी होती, नागुबाईची सून. तंबाखूच्या वखारीतून तशीच आली होती. पदराला, केसांना तंबाखूची भुकटी होती. हाताला आरोही.

"बाई, पोरगीला कायच येईना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पाटी बघितली की रडती. म्हणती, माझा हात दुखतोय. जरा घरात बघता काय? रोज अर्धा तास. फक्त..." ती थांबली. "कुणाला कळाय नगं. आमच्या आत्तींना तर न्हाईच."

माधवीनं आरोहीचा हात हातात घेऊन बघितला. पेन्सिल दाबून दाबून अंगठ्याशेजारी घट्टा पडला होता. सहा वर्षांच्या पोरीला घट्टा.

"ये आत," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आरोही रोज यायची, बोळातून. पंधरा दिवसांत पेन्सिल चिमटीत आली, महिन्याभरात पोरगी 'वड', 'गवत', 'नदी' लिहायला लागली, आणि 'नदी'ला दुसरी वेलांटी देऊन "लांब नदी, लांब वेलांटी" असं आपणहून म्हणायला लागली. पुढं आणखी दोघी आल्या, आपापली पोरं घेऊन, त्याच दारानं, तोच दबका आवाज घेऊन. दोघीही जूनमध्ये हेडसरांकडं गेलेल्यांतल्या होत्या. माधवीनं त्यांनाही नाही म्हटलं नाही. दिवसभर शाळा, संध्याकाळी ही पोरं, मग भाकऱ्या. अंग मोडून यायचं. पण पोरांचे हात हातात आले की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, आणि आपल्याला असं चोरून बरं वाटतंय याचं मागाहून वाईट वाटायचं. अंबूबाई चुलीपुढून सगळं बघायची.

मार्गशीर्षात सुवर्णाच्या धाकट्याचं जावळ होतं. माधवी निपाणीहून बाजार घेऊन येत होती, तेवढ्यात घराजवळच देवळाकडं निघालेली मंडळी समोरून आली. पुढं हलगी, मागं नव्या साड्यांतल्या बायका, मधोमध नागुबाई नातवाला घेऊन. माधवी रीतीप्रमाणं बाजूला सरकली. पण आरोहीनं तिला बघितलं. "बाई!" असं ओरडून पोरगी धावत आली आणि तिनं माधवीचं बोट धरलं.

सगळ्या बायका थबकल्या. सुवर्णा लगबगीनं पुढं आली आणि तिनं आरोहीचा दंड धरून हिसका दिला. "तिकडं न्हाई जायाचं. कार्य हाय आज, कळत न्हाय?" नागुबाईनं जावळाच्या पोराच्या तोंडावरून पदर ओढला. हलगी पुन्हा वाजायला लागली. जाता जाता सुवर्णानं एकदा मागं वळून बघितलं आणि मान खाली घातली.

आदल्याच संध्याकाळी ती पोरगी याच हाताला धरून 'ळ' शिकली होती.

माधवी घरी आली, पिशवी ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. अंबूबाईनं उंबऱ्यातून सगळं बघितलं होतं. म्हातारीनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि तव्याकडंच बघत बोलायला लागली. माधवीनं तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"मी सुईण हुते, तुला ठाव हाय. दवाखाना लांब, गाड्या न्हाईत. कळा सुरू झाल्या की मानसं ह्याच दारानं हाक मारायची. अंबूबाई, चला. मी जायाची. आडलेली सोडवायची, पोराला पालथं घालून थोपटायची, रडाय लावायची. त्या नागुबाईचा ल्योक, सुवर्णाचा नवरा, माज्याच हातात पडला. पायाळू हुता. नागू वाचती का न्हाय असं झालतं." तिनं भाकरी फुगायची वाट बघितली. "बाराव्या दिशी बारसं. गावातल्या समद्या बाया गेल्या. मला आवतान न्हाई. मी बोळातनं पाळन्याची गानी ऐकली. पाळन्याला हात लावाय मी चालत नव्हते, मानूस जन्माला घालाय चालत हुते."

"मग परत कशाला जात होता आत्ती?"

"आडलेली बाई वरडती, मग काय करू? जायाची." म्हातारीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. "पर त्यामुळंच त्यांचं भागलं गं. मी मागच्या दारानं जात ऱ्हायले म्हनून त्यास्नी फुडचं दार कधी उघडायच लागलं न्हाई. आनि माझं असं झाल्यालं, तरी तुज्या बांगड्या मीच..." तिनं भाकरी ताटात वाढली आणि ताट माधवीपुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखी टकटक झाली. माधवीनं दार उघडलं, पण ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"हितं आता शिकवणार न्हाई, सुवर्णा."

सुवर्णाचा चेहरा उतरला. "कालचं मनावर घेतलं काय बाई? समदी हुती, मी काय करू? आमच्या आत्ती कशा हायत तुमाला ठाव हाय."

"ठाव हाय. माझ्या घरातबी होती तशी सासू."

आतून अंबूबाई म्हणाली, "व्हय, मीच ती."

"पोरगीचं नुकसान व्हईल बाई."

"व्हईल. ते काय मला कळत न्हाई? रोज दारावरनं जाताना बघते मी." माधवीचा आवाज वर गेला नाही; तिला तेवढीही ताकद नव्हती. "माझा हात वाईट असला तर तो घरातबी वाईटच. आनि चांगला असला तर शाळेत चारचौघांत चांगला म्हणा. मी शिकवीन. वर्गात. तुझ्या पोरीला आणि सगळ्यांच्या पोरांना. पण या बोळातनं न्हाई."

तिनं दार लावलं. आतून कडी घालताना बाहेर आरोहीचा आवाज आला, "आई, बाईंनी दार का लावलं?" त्यावर सुवर्णा काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

पुढचे दिवस फार कठीण गेले. एखाद्या अन्यायाला नाही म्हटलं की माणसाला हलकं वाटतं, असं म्हणतात. माधवीला तसं काही वाटलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत आरोही पहिलीच्या दारात आली आणि तिनं पाटी उचलून दाखवली. पुन्हा अक्षरांवर रेघा नव्हत्या, पुन्हा मूठ वळली होती. माधवीचा हात आपसूक पुढं गेला. मग तिनं तो मागं घेतला आणि चौथीच्या वर्गाकडं चालू लागली. धान्याच्या खोलीत बसवलं होतं त्या दिवशीही तिला एवढं लागलं नव्हतं. आपण बरोबर वागतोय की एका लहान पोरीवर सूड उगवतोय, हे तिचं तिलाच कळेना.

संक्रांतीनंतर पालकसभा झाली. व्हरांड्यात सतरंजी, खुर्चीवर अध्यक्ष, शेजारी हेडसर. पटसंख्या, गणवेश, पाण्याची टाकी असे विषय झाले. कुणाचं काही म्हणणं आहे का, असं हेडसरांनी उठता उठता विचारलं, आणि मागं उभी असलेली सुवर्णा पुढं आली. वखारीतून अर्धी रजा टाकून आली होती. तिनं हात पदरात गुंडाळले होते.

"माज्या पोरगीला पयलीला माधवीबाईच पायजेत," ती म्हणाली.

अध्यक्षांनी हसून विषय टाळायला बघितलं. "अगं, ते ठरलंय की मागंच. विनोद सर हायत—"

"सरांचं काय न्हाई. माजी पोरगी दिवाळीच्या आधीपासनं बाईंच्या घरी जात हुती. मागच्या दारानं. मीच न्हेत हुते, चोरून. बाईंनी रोज तिचा हात धरला. दोन म्हैने धरला. घरात कोन मेलं न्हाई, काय इडापिडा आली न्हाई. पोरगी लिवाय लागली, एवढंच झालं." तिनं अध्यक्षांकडं बघितलं. "मग घरात धरल्यावर चालतंय, आनि शाळंत धरलं की काय व्हतंय, ते मला कुनीतरी सांगा."

पुढच्या रांगेतली नागुबाई उठून उभी राहिली. "घराला ये तू. बघते तुला."

"बघा," सुवर्णा म्हणाली. "तुमच्या ल्येकाला जन्माला कुनी घातलं, तेबी सांगा हितं."

हे तिला कुणी सांगितलं होतं, तेव्हा कुणाला कळलं नाही. आदल्या आठवड्यात अंबूबाई काठी टेकत वखारीपर्यंत चालत गेली होती आणि जेवणाच्या सुट्टीत सुवर्णाशेजारी बसली होती, हे माधवीलाही पुष्कळ दिवसांनी समजलं.

नागुबाई तशीच खाली बसली. बोळातून येणाऱ्या बाकीच्या दोघी सतरंजीवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. सुवर्णानं त्यांच्याकडं बघितलं. एकीनं सतरंजीचा सुटलेला दोरा ओढायला सुरुवात केली, दुसरी मोबाइल बघू लागली. तिनं त्यांची नावं घेतली नाहीत. खाली बसलेली माधवी तिच्याकडं बघत होती. उठून तिच्या शेजारी जावं, असं तिला वाटलं, पण ती बसूनच राहिली.

"पुढच्या मीटिंगला बघू," अध्यक्ष म्हणाले आणि सभा संपली.

त्या संध्याकाळी नागुबाईनं खरंच सुनेला घरात घेतलं नाही. सुवर्णा दोन्ही पोरांना घेऊन माहेरी गेली. आठ दिवसांनी नवरा आणायला गेला. "अंबूबाई घरला येऊन आईला बोलून गेली, एक म्हातारीच पुरली," एवढंच तो वाटेत म्हणाला.

पुढची मीटिंग काही भरली नाही. ती भरणारही नव्हती, हे माधवीला माहीत होतं. 'पुढच्या मीटिंगला बघू' यात गावाचं अर्धं आयुष्य जातं. आरोही आजोळहून परत शाळेत आली त्या सकाळी माधवी चौथीच्या वर्गात गेली, पोरांना निबंधाचा विषय दिला आणि खडूची पेटी घेऊन पहिलीच्या वर्गात आली. विनोद सरांनी मोबाइलमधून मान वर केली.

"सर, चौथीचा निबंध तेवढा बघता? र्‍हस्व-दीर्घ कडक बघा. मी हितं बसते."

विनोद सर उठले. त्यांना आनंद झाला की भीती वाटली, ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. दारातून जाताना ते हळूच म्हणाले, "बरं झालं बाई. मला हे जमत नव्हतं."

थोड्या वेळानं हेडसर आले. बूट काढायचं विसरून तसेच वर्गाच्या दारात उभे राहिले. माधवी खाली बसली होती, पुढ्यात एक पोर, आजूबाजूला बाकीची दाटीवाटीनं.

"बाई, वेळापत्रक बदलायला कमिटीची परवानगी लागते," ते म्हणाले.

"काढून घेताना लागली नव्हती सर."

 हेडसर खालच्या आवाजात, जवळजवळ विनवणीनं म्हणाले, "आज दुपारपर्यंत फोन यायला लागतील. दोन-तीन पोरं तरी त्या व्हॅनमध्ये बसणार बघा. पालक विचारतील, काय सांगू मी त्यांना?"

माधवीनं वर बघितलं. रात्रभर झोप नव्हती, डोळ्यांखाली काळं होतं, आणि दिवस तर आत्ता कुठं सुरू झाला होता.

"सांगा, बाई पहिलीच्या वर्गात हायत," ती म्हणाली. "ज्यांना पोरं पाठवायचीत त्यांनी पुढच्या फाटकानं पाठवावीत."